टाइप २ चा टाइप १ होतो का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ४१, अंगकाठी बारीक. तीन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत शुगर वाढलेली निघाली, टाइप २ म्हणून एक गोळी सुरू झाली, पुढे दोन झाल्या, मग तीन. तरीही एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ७.४ वरून ९.८ वर गेलं, गेल्या पाच महिन्यांत काहीही न करता सहा किलो वजन उतरलं आणि आता डॉक्टर इन्सुलिन सुरू करायचं म्हणतायत. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: टाइप २ चा आता टाइप १ झाला का, आणि पथ्य नीट पाळलं नाही म्हणून हे झालं का. आईला साठीनंतर मधुमेह झाला आणि तुम्ही स्वतः आठ वर्षांपासून थायरॉइडची गोळी घेता, हे शेवटी जाता जाता लिहिलंय. त्या शेवटच्या ओळीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

आधी सरळ उत्तर देते. टाइप २ चा टाइप १ होत नाही. हे एकाच आजाराचे सौम्य आणि तीव्र असे दोन टप्पे नाहीत, दोन वेगळे आजार आहेत. इन्सुलिन सुरू झालं म्हणून कोणी टाइप १ होत नाही. जगात इन्सुलिन घेणारे टाइप २ चे पेशंट कोट्यवधी आहेत. पण दुसरी एक गोष्ट होऊ शकते, आणि माझ्या ओपीडीत ती दर काही महिन्यांनी दिसतेच: पहिल्या दिवशी फाइलवर लिहिलेलं 'टाइप २' हेच बरोबर नसतं. आजार बदलत नाही, त्याचं खरं नाव उशिरा कळतं. तुमचं तसं आहे का, हे रिपोर्ट न बघता मी सांगू शकत नाही. पण हा प्रश्न पुन्हा उघडायला हवा, इतकं मात्र तुमच्या चार ओळींवरून नक्की म्हणता येतं.

हा गोंधळ पेशंटचा नाही, आम्हा डॉक्टरांनीच तो घालून ठेवला. १९९७ पर्यंत या आजारांची अधिकृत नावंच 'इन्सुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'इन्सुलिनवर अवलंबून नसलेला' मधुमेह अशी होती. म्हणजे उपचारावरून नाव. मग गोळ्यांवरच्या माणसाला दहा वर्षांनी इन्सुलिन लागलं की तो 'इन्सुलिनवर अवलंबून नसलेला, पण इन्सुलिन घेणारा' असा विचित्र प्राणी व्हायचा. त्या वर्षी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने ती नावं टाकून दिली आणि मूळ कारणावरून वर्गवारी करायची ठरवली. तेव्हाच रोमन आकडे सोडून साधे १ आणि २ घेतले, कारण रोमन दोन लोक अकरा वाचायचे! नावं गेली, पण डोक्यातलं समीकरण गेलं नाही. गोळी म्हणजे टाइप २, सुई म्हणजे टाइप १, असं आजही शिकलेली माणसं म्हणतात.

त्याहून जुनं समीकरण वजनाचं आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या आजारांचे, दोन प्रकार सांगितलेत, जन्मजात आणि अपथ्याने होणारा, आणि पहिल्याचा रोगी कृश तर दुसऱ्याचा स्थूल असं वर्णन आहे. निरीक्षण म्हणून ते थक्क करणारं आहे. पण आज त्यालाच निदान समजलं की फसगत होते. बारीक माणसाला टाइप २ होतो, दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत तर सर्रास होतो, कारण हातपाय बारीक असले तरी चरबी पोटात आणि यकृतात साठलेली असू शकते. आणि जाड माणसाला टाइप १ ही होतो. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका स्थूल, पंचेचाळिशीच्या बाईंना डोळे झाकून टाइप २ लिहून मोकळी झाले होते. आठ महिन्यांनी त्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेल्या अवस्थेत, अतिदक्षता विभागात आल्या. त्या वाचल्या. तेव्हापासून वजन आणि वय बघून मी अंदाज बांधते, निदान लिहीत नाही.

आता मुळाशी जाऊ. रक्तातली साखर पेशींच्या आत जायला इन्सुलिन लागतं, आणि यकृताने नको तेव्हा साखर रक्तात सोडू नये म्हणूनही लागतं. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी बनवतात. त्यामुळे शुगर वाढली की दोनच गोष्टी विचारायच्या: इन्सुलिन किती बनतंय, आणि शरीर त्याला किती दाद देतंय? लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये हेच तपासलं. पेशंटला एकाच वेळी ग्लुकोज पाजलं आणि इन्सुलिन टोचलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची इन्सुलिन देऊनही चढत गेली. पहिल्यांना इन्सुलिनची उणीव होती, दुसऱ्यांना ते असून उपयोग नव्हता. आजच्या टाइप १ आणि टाइप २ चं बीज इथे आहे.

टाइप १ मध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती बीटा पेशींना परकं समजून मारत सुटते. हे एका रात्रीत होत नाही. शुगर अजून नॉर्मल असते तेव्हाच, कधी कधी कित्येक वर्षं आधी, रक्तात त्या हल्ल्याच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी दिसू लागतात. लहान मुलांत हल्ला जोराचा असतो, काही आठवड्यांत मूल खंगतं, सारखं पाणी पितं, रात्री लघवीला उठतं. मोठ्या माणसात तोच हल्ला संथ चालतो. 'हा मुलांचा आजार आहे' हा समज इथेच आडवा येतो. टाइप १ च्या नव्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे प्रौढ असतात. आणि 'आमच्या घरात कोणालाच नाही' हेही टाइप १ नसल्याचं लक्षण नाही, कारण त्याच्या दहातल्या साधारण नऊ रुग्णांच्या जवळच्या नात्यात कोणालाच तो नसतो.

टाइप २ ची गोष्ट वेगळी. तिथे आधी शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. बीटा पेशी बिचाऱ्या जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करतात, कधी दहा-दहा वर्षं. त्या थकल्या की शुगर वर यायला लागते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा होता की टाइप २ चं निदान होतं त्या दिवशीच बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. म्हणून टाइप २ मध्येही पुढे इन्सुलिन लागू शकतं. त्यात नापास झाल्यासारखं काही नाही, विहीर आटत जावी तसं ते आहे. मात्र इथे एक दिलाशाची बाजूही आहे. वजन जास्त असेल आणि आजार नवा असेल, तर भरपूर वजन उतरवून काही लोकांची शुगर औषधाशिवाय नॉर्मल राहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट या ब्रिटिश अभ्यासात वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातले ४६ टक्के लोक वर्षभराने त्या अवस्थेत होते. तुम्ही आधीच बारीक आहात आणि आणखी बारीक होताय, तेव्हा ही वाट तुमची नाही. 'मी अमुक करून मधुमेह घालवला' असे व्हिडिओ बघून स्वतःला दोष देत असाल तर ते थांबवा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, हे निकष मधुमेह आहे की नाही इतकंच सांगतात. कुठला, ते सांगत नाहीत. थर्मामीटर ताप सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते नाही सांगत. तुमची तीन वर्षांपूर्वीची तपासणी हा थर्मामीटर होता. चाळिशीच्या आसपासचा माणूस, घरात आईला मधुमेह, शुगर थोडी वाढलेली, तब्येत ठणठणीत. अशा वेळी टाइप २ समजून सुरुवात करणं वावगं नव्हतं, कारण या वयात बहुतेकांना तोच असतो. तुमच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. गोळ्या वाढवत जाऊनही शुगर चढत राहिली आणि वजन उतरायला लागलं, तेव्हा मात्र थांबून पुन्हा बघायला हवं होतं. ते आता करता येईल.

मला तुमच्याबाबत जी शंका येते तिला लाडा म्हणतात. मोठ्या वयात, संथपणे येणारा, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा मधुमेह. हे नाव १९९० च्या दशकात रूढ झालं. काही जण त्याला 'टाइप १.५' म्हणतात, मला ते आवडत नाही, कारण त्यातून तो दोन्हींच्या मधोमध असल्यासारखा वाटतो. तो संथ टाइप १ च आहे. पहिले सहा महिने, कधी दोन-चार वर्षंसुद्धा गोळ्यांवर निभावतं, कारण थोड्या बीटा पेशी शिल्लक असतात. मग एकेक गोळी निकामी होत जाते. गोळी बिघडलेली नसते, ती ज्या पेशींकडून काम करून घेते त्याच उरलेल्या नसतात. आणि इन्सुलिन फारच कमी पडलं की शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. तुमचं वजन त्यामुळे उतरत असावं. लोक अशा वेळी 'बरं झालं, बारीक झालास' म्हणतात! मधुमेहात प्रयत्न न करता वजन उतरणं ही चांगली बातमी जवळजवळ कधीच नसते.

थायरॉइडच्या ओळीशी मी का थांबले, ते आता सांगते. थायरॉइड कमी काम करण्याचं एक मोठं कारण हाशिमोटो नावाचा आजार आहे, आणि तोही प्रतिकारशक्तीने स्वतःवरच केलेला हल्ला असतो. असे आजार बऱ्याचदा एकटे येत नाहीत, भावंडांसारखे येतात: थायरॉइड, टाइप १ मधुमेह, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार), कोड, बी १२ शोषलं न जाणं. एक असला तर दुसऱ्याची शक्यता वाढते. यावरून काही सिद्ध होत नाही. थायरॉइडची तक्रार इतकी सर्वसाधारण आहे की टाइप २ च्या कितीतरी पेशंटनाही ती असते. पण बारीक अंगकाठी, पन्नाशीच्या आत निदान, गोळ्या भराभर निकामी होणं, वजन उतरणं, आणि वर थायरॉइड, असं सगळं एका माणसात दिसलं तर मी रक्त तपासल्याशिवाय त्याला घरी जाऊ देत नाही.

तपासण्या दोन. पहिली जीएडी अँटिबॉडी, म्हणजे बीटा पेशींवरच्या हल्ल्याची एक खूण. ती स्पष्ट पॉझिटिव्ह आली, आकडा चढा असला, तर तुमच्यासारख्याच्या बाबतीत प्रश्न जवळपास मिटला. अगदी काठावरचा आकडा आला तर सावध राहायचं, कारण थोड्या निरोगी माणसांतही तो तसा येतो. निगेटिव्ह आली तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या दोन अँटिबॉडी बघता येतात. आणि सगळ्या निगेटिव्ह आल्या तरी टाइप १ पूर्ण बाद होत नाही. मोठ्या वयात टाइप १ झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांत त्या सापडत नाहीत.

दुसरी तपासणी सी-पेप्टाइड, माझी विशेष आवडती. बीटा पेशी इन्सुलिन थेट बनवत नाहीत. आधी एक लांब साखळी बनते, ती तुटते, आणि इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू बाहेर पडतो. टोचायच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणजे तुम्ही इन्सुलिन घेत असलात तरी तुमचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय हे यावरून कळतं. जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात ते ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर इन्सुलिनची उणीव गंभीर आहे आणि टाइप १ ची बाजू भक्कम होते. १.८ च्या वर असेल तर स्वतःचं इन्सुलिन बऱ्यापैकी आहे, टाइप २ जास्त संभवतो. मधला पट्टा धूसर, तिथे काही महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं. काही लॅब पिकोमोलमध्ये आकडा देतात, तिथे याच सीमा २०० आणि ६०० होतात.

यात तीन खाचखळगे आहेत. नमुना घेताना शुगर कमी असेल तर सी-पेप्टाइडही कमीच येणार, कारण शुगर नसताना स्वादुपिंड काम कशाला करेल? म्हणून त्याच नमुन्यातली शुगर मोजलेली हवी. किडनी कमजोर असेल तर आकडा फुगतो. आणि शुगर कित्येक आठवडे तीनशे-चारशे राहिली असेल तर बीटा पेशी तात्पुरत्या बधिर होतात, आकडा खोटा कमी येतो. अशा माणसाला काही आठवडे इन्सुलिन देऊन शुगर खाली आणली की पेशी पुन्हा जाग्या होतात. टाइप २ च्या काही पेशंटचं इन्सुलिन मी असं सहा-आठ आठवड्यांनी बंद करून त्यांना परत गोळ्यांवर आणलेलं आहे. म्हणून इन्सुलिन सुरू झालं की जन्मभराची शिक्षा झाली, असं धरून चालू नका.

पण टाइप १ किंवा लाडाच निघाला तर इन्सुलिन जन्मभर लागेल, आणि तिथे त्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सावरला. त्याच्या आधी या आजाराचं निदान म्हणजे मृत्यूची तारीख होती, उपासमारीसारख्या आहाराने ती जरा पुढे ढकलता यायची, एवढंच. टाइप १ मध्ये इन्सुलिन हा उपचारातला शेवटचा उपाय नाही. जे शरीराने बनवायचं ते बाहेरून देणं, इतकंच. थायरॉइडची गोळी तुम्ही आठ वर्षं घेताय ती याच न्यायाने. त्या गोळीबद्दल कधी अपराधी वाटलं का? मग याचं का वाटावं?

इथवरचं एका दमात सांगायचं तर, आजार बदललेला नाही, नावाबद्दल शंका आहे, आणि ती दोन रक्ततपासण्यांनी बऱ्याच अंशी फिटू शकते. आता ज्या शक्यता मी मनात ठेवून बाजूला सारते, त्यांच्याबद्दल.

स्वादुपिंडच आजारी असेल तर मधुमेह होतो. त्याला टाइप ३सी म्हणतात. वारंवार किंवा जुनाट सूज, शस्त्रक्रिया, क्वचित गाठ. पोटात पाठीकडे जाणारी दुखी, तेलकट, चिकट, घाण वासाचं शौच, मद्यपानाचा जुना इतिहास, यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. वजन विनाकारण उतरतंय म्हटल्यावर मी एकदा सोनोग्राफी किंवा स्कॅन करून स्वादुपिंड बघून घेते. तुमच्या वयाला गाठीची शक्यता थोडी, पण बघायला हवं. या प्रकारात शुगर वाढवणारं ग्लुकागॉनही कमी पडतं, त्यामुळे इन्सुलिन दिल्यावर शुगर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त.

जनुकातल्या एकाच बिघाडाने होणारे मधुमेह, ज्यांना मोडी म्हणतात, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, पण तुम्हाला तो बहुधा लागू नाही. तिथे सहसा पंचविशीच्या आत निदान होतं आणि आजी, आई, मुलगा अशी सरळ रेघ दिसते, कारण प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तुमच्या आईला तो साठीनंतर झाला, तो टाइप २ असणार, आणि त्याच आधारावर तुम्हालाही टाइप २ म्हटलं गेलं. तरी मोडीचं एक उदाहरण सांगते, कारण नाव बरोबर असण्याने काय फरक पडतो ते त्यातून कळतं. एक २७ वर्षांची मुलगी चार वर्षं इन्सुलिनवर होती. उपाशीपोटीची शुगर कायम ११५ ते १३०, एचबीएवनसी ६.४ च्या आसपास, इन्सुलिन वाढवा की कमी करा, आकडा हलत नव्हता. वडिलांचंही तसंच. जनुक तपासणीत ग्लुकोकायनेज नावाच्या जनुकातला बिघाड निघाला. या प्रकारात शरीराने शुगरची पातळीच जरा वर लावून ठेवलेली असते, तेवढ्याने डोळे-किडनीचं नुकसान सहसा होत नाही, आणि गरोदरपण सोडलं तर औषधच लागत नाही. तिच्या सुया बंद झाल्या. मोडीच्याच दुसऱ्या एका प्रकारात, एचएनएफ१ए मध्ये, सल्फोनिलयुरिया गटाची जुनी साधी गोळी अगदी लहान डोसात छान काम करते. आणि जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळांची जनुक तपासणी तर झालीच पाहिजे, कारण त्यातल्या कित्येकांचं इन्सुलिन बंद करून गोळी देता येते.

स्टिरॉइडमुळे शुगर वाढते, विशेषतः दुपारनंतर. सांध्यांसाठी, दम्यासाठी, त्वचेसाठी काही सुरू होतं का ते आठवा, नाव माहीत नसलेल्या पुड्यांसकट. गरोदरपणातला मधुमेह तुम्हाला लागू नाही. वाचणाऱ्या बायकांसाठी इतकंच: बाळंतपणानंतर शुगर नॉर्मल झाली तरी पुढे टाइप २ होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, तेव्हा सहा ते बारा आठवड्यांनी आणि त्यानंतरही ठरावीक काळाने तपासत राहा.

हल्ली 'टाइप ५' हे नावही ऐकू येतं. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला हे नाव दिलं. कल्पना नवी नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याचा वेगळा गट केला होता आणि १९९९ मध्ये तो काढून टाकला होता. त्यात माणूस खूप कृश असतो, इन्सुलिन कमी बनतं, पण प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतो आणि सहसा कीटोन (चरबी जळताना रक्तात येणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढत नाहीत. लहानपणी पोटभर न मिळाल्याचा इतिहास असतो. तुम्ही तीन वर्षांपूर्वीपर्यंत व्यवस्थित वजनाचे होतात, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. 'टाइप ३' म्हणून काही ठिकाणी अल्झायमरचा उल्लेख होतो, ते अधिकृत नाव नव्हे.

आता सगळ्यात निकडीची गोष्ट. तुम्ही गोळ्यांची नावं लिहिलेली नाहीत. पाकिटावर बघा. त्यात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेलं काही असेल, तर उद्याच डॉक्टरांना फोन करून तुमच्या वजनाबद्दल सांगा आणि ती थांबवायची का ते विचारा. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. टाइप २ मध्ये हृदय आणि किडनीसाठी उत्तम आहेत, मी रोज लिहून देते. पण ज्याचं स्वतःचं इन्सुलिन संपत आलंय त्याच्यात कीटोन वाढू शकतात, आणि शुगर मात्र दीडशे-दोनशेच दिसते. त्यामुळे पेशंट आणि कधी कधी डॉक्टरही गाफील राहतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, कमालीचा थकवा, यातलं काही सुरू झालं तर शुगर किती आहे हे बघत बसू नका, सरळ हॉस्पिटलला जा आणि 'कीटोन तपासा' असं स्वतःहून सांगा. घरी रक्तातले कीटोन मोजायचं यंत्र असेल तर १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर तातडीने भरती. सल्फोनिलयुरिया गटाची गोळी सुरू असेल तर तिथे इतकी घाई नाही, पण लाडाची शंका असताना मी ती सहसा टाळते. मेटफॉर्मिन तोपर्यंत चालू राहू दे. गोळी बंद करणं असो की बदलणं, ते डॉक्टरांशी बोलूनच.

आणि तपासण्यांची वाट बघत इन्सुलिन लांबवू नका. ९.८ आणि उतरतं वजन, एवढ्यावर इन्सुलिन सुरू करणं बरोबरच आहे, नाव काहीही निघो. जीएडीच्या रिपोर्टवर इन्सुलिनचा काही परिणाम होत नाही, सी-पेप्टाइडवरही मोजण्याच्या दृष्टीने होत नाही. डॉक्टरांना 'मला टाइप १ आहे का?' असं विचारण्यापेक्षा 'जीएडी आणि सी-पेप्टाइड करून घेऊ या का?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाने समोरचा माणूस बचावात जातो, दुसऱ्याने चिठ्ठी लिहायला घेतो. लाडा निघाला तर बदल बरेच होतील: जेवणाआधीचं आणि रात्रीचं असं दोन तऱ्हेचं इन्सुलिन, आजारपणात इन्सुलिन बंद न करण्याचा नियम, शुगर लो झाल्यावर काय करायचं याचं घरच्यांना शिक्षण, बी १२ आणि सीलिअ‍ॅकची एकदा तपासणी. मुलांची काळजी वाटणारच. वडिलांना टाइप १ असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण सहा टक्के धरतात, म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव मुलं त्यातून सुटतात. लाडामध्ये ती त्याहून जास्त असेल असं मानायला कारण नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, पथ्याचा. तुम्ही खाण्यात हलगर्जी केली असेलही, कोण करत नाही? त्याने शुगर पन्नास-साठ इकडे-तिकडे होते. बीटा पेशींवर प्रतिकारशक्तीचा हल्ला त्याने सुरू होत नाही, आणि महिन्याला किलोभर वजन त्याने उतरत नाही.

रिपोर्ट आले की इथेच लिहा. सी-पेप्टाइडचा आकडा देताना त्याच नमुन्यातली शुगर, शेवटचं जेवण किती वाजता झालं होतं, आणि आकड्यापुढे नॅनोग्रॅम लिहिलंय की पिकोमोल, हे तिन्ही लिहायला विसरू नका. आणि त्या तीन गोळ्यांची नावं मात्र आजच लिहा.